पायरीखाली ठेवलेले बूट

प्रथम तारखा नोंदवतो. नंतर कोणी 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणू नये.

होळीनंतरचा सोमवार: क्रांती चौकात डोंगरी अल्ट्रा मॅरेथॉनचा फलक लागला. अक्षय्य तृतीया: प्रवेशअर्ज, हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांचा दाखला सादर. नागपंचमीचा दुसरा दिवस: नियमावली हाती आली. मार्गशीर्षातला शेवटचा रविवार: शर्यत. त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी: जाहीर निकालात एका माणसाच्या नावापुढे 'मार्ग टाळल्याने बाद' हा शेरा. तेव्हापासून आजतागायत: माझी पत्रे, त्यांच्या पोचपावत्या आणि मौन.

जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. आयोजक संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना पत्राचे उत्तर पत्राने द्यायचे असते हे ठाऊक नाही. शर्यतीचे संचालक, ज्यांनी चौकशीआधीच निवाडा केला. वेळ नोंदवणारा तंत्रज्ञ, ज्याने आपली चटई नको तिथे अंथरली. आणि शिखरावरचे निळ्या टोपीतले स्वयंसेवक, ज्यांच्याकडे मी सर्वांत शेवटी येणार आहे. कोणाचेही नाव मी येथे देत नाही, डोंगराचेही नाही. प्रकरण न्यायालयात नेण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे. ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे, त्यांचेही नाव देत नाही. ते आधीच पुरेसे खराब करण्यात आले आहे.

ते गृहस्थ पुंडलिकनगरात आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या घरात राहत. मूळचे पिशोर गावचे, शेतकरी कुटुंबातले. नोकरी सरकारी कचेरीत, तीही निमूटपणे पार पाडलेली. निवृत्तीनंतर लोक नातवंडे खेळवतात किंवा माझ्यासारखे पत्रे लिहितात. हे पळू लागले. बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन संपते तिथून पुढेही डोंगरात चढत-उतरत राहायचे, अशी ही शर्यत असते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने असे का करावे, या माझ्या प्रश्नाला त्यांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. एकदाच म्हणाले, "वकीलसाहेब, जलमभर खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या सह्या घेतल्या. आता एक सही आपल्या पायानं करून पाहू."

त्यांची तयारी मी जवळून पाहिली, आणि तिने माझी झोप उडवली.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. हे मी येथे तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. तक्रार स्वतंत्र पत्रांत आहे. ज्या दिवशी पाणी येई त्या दिवशी हे दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढत. आधी स्वतःच्या घरचे पाणी, मग वरच्या मजल्यांवरचे सगळ्यांचे. बायका दाराशी रिकामी भांडी मांडून ठेवत. "काका, आमचा पिंप राहिला!" अशी हाक आली की ते खरोखर आनंदून जात. मी दारात उभा राहून त्यांचा श्वास ऐकत असे. प्रत्येक फेरीला तो थोडा अधिक फाटे. हा माणूस माझ्याच दारासमोर कोसळणार आणि पंचनाम्यात पहिला साक्षीदार म्हणून माझेच नाव येणार, अशी माझी खात्री झाली होती.

खाण्याचीही तालीम असे. पळता पळता पोटात काय टिकते, हे पाहण्यासाठी ते कंबरेच्या पिशवीत कधी उकडलेली रताळी, कधी गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधून नेत. तरुण धावपटूंनी त्यांना एकदा नळीतले तयार खाद्य दिले. चाखून परत करत म्हणाले, "दात घासायचं हाय का गिळायचं, ते आधी सांगा."

परंतु शरीराची तालीम निम्मीच होती. दुसरी तालीम मनाची, आणि तिच्यात त्यांनी मला ओढले.

लांब पळून परत येताना इमारत दिसली की ते थांबत नसत. फाटकाला हात लावत आणि पुन्हा वळत. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गॅलरीतून बोलवत राहत, घरात पोहे निवत राहत, आणि हे कोपऱ्यावरून दिसेनासे होत. "घर दिसलं की पाय मालकाचं ऐकत नायत," ते सांगत. "त्याइला आधीच सांगून ठेवावं लागतं, दिसलं म्हणजे आलं असं नाय."

एके दिवशी ते माझ्याकडे आले, पायाशी बसले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी मला घाबरवा."

"म्हणजे?"

"तुमाला सगळ्यात वाईट काय व्हतंय ते लई चांगलं दिसतं. सगळी कॉलनी म्हणती. मी पळतो, तुमी स्कूटरवर संगं या, आन सांगत राव्हा. डोंगरावर मनात काय काय येतंय, ते सगळं मला इथंच ऐकून घ्यायचं हाय."

प्रतिपक्षाचा वकील म्हणून माझी ही शेवटची नेमणूक होती. बीड बायपासच्या कडेने ते पळत, मी मागून स्कूटर रेटीत असे आणि हरकती घेत असे.

"गुडघा!"

"जुना हाय. पण वळखीचा हाय."

"रक्तदाब!"

"गोळी घेतली. तुमच्या वहिनीला इचारा."

"मधमाश्यांचे मोहोळ उठले तर?"

"बसंन गप खाली."

"कड्याच्या अंगाला चक्कर आली, आणि बसायला जागाच नसली तर?"

ते पळत राहिले. मागून ट्रक भोंगे वाजवत गेले. मग म्हणाले, "मंग भिईन, वकीलसाहेब. भ्यायची बी सवय पाहिजे ना."

मी त्यांना घाबरवत होतो खरा; पण त्यांच्या प्रत्येक उत्तरानंतर ती भीती माझ्याकडे मुक्कामाला येई. ते घरी जाऊन गाढ झोपत आणि मी छताकडे बघत मोहोळाचा विचार करत असे. वहिनी मला जिन्यात गाठत. "भाऊ, तुमी तरी सांगा ह्यांला. माझं कोण ऐकतंय? रात्री झोपेत पाय हलवित्यात. मी हात ठिवते पायावर, तवा थांबतंय."

आता त्या सवयीविषयी, जिच्यावर हे सारे प्रकरण उभे आहे.

ते रोज गोगाबाबा टेकडी चढत. शेवटच्या वळणावर, मंदिर दिसू लागले की ते थांबत, बसत, बुटांच्या दुहेरी गाठी सोडत, बूट जोडीने कडेला ठेवत आणि उरलेला चढ अनवाणी चढून जात. कंबरेला गुंडाळलेले उपरणे सोडून डोक्यावरून छातीवर घेत. वर हात जोडून खाली येत आणि पुन्हा सावकाश दुहेरी गाठी बांधत. वैशाखातही हेच. दगड तव्यासारखे तापलेले असत. पायथ्याचा चहावाला त्यांच्याकडे पाहून कपाळाला हात लावी: "क्या चाचा, आज बी नंगे पाँव? इत्ती धूप में? पाँव भून के खाते क्या?"

"हौ," हे म्हणत. "तेरी चाय के साथ."

टेकडीच कशाला, वाटेत दर्गा लागला तरी तेच, आणि शेंदूर फासलेला दगड लागला तरी तेच. मी नियमावलीचा अभ्यास केलेला असल्यामुळे त्यांना बजावले, की शर्यतीत शिखरावर दुपारी ठरावीक वेळेच्या आत पोहोचावे लागते, आणि अशा गाठी सोडत बसलात तर बाद व्हाल.

"वर कुणाच्या तरी घरी चाललोत," ते म्हणाले. "वहाणा घालून शिरता का कुणाच्या घरात?"

"हजारो लोक शिरतात."

"त्यांचं त्यांच्यापाशी."

त्याच नियमावलीत एक कलम होते. वेळ नोंदवणारी चिप, म्हणजे नखाएवढा एक तुकडा, बुटाच्या नाडीत बांधलेली असावी आणि शर्यत संपेपर्यंत ती कोणत्याही कारणाने काढू नये. जागोजागी चटया अंथरलेल्या असतात. चिप चटईवरून गेली की नोंद होते. ते कलम मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली. ऐकलेले कलम मोडणारा हा माणूस नव्हता.

शर्यतीच्या दिवशी पायथ्याच्या गावात मी आणि वहिनी पहाटेपासून उभे होतो. कडाक्याची थंडी होती. निघताना त्यांनी फोन वहिनींच्या हाती दिला. "डोंगरात फोन नेला की मन घरीच ऱ्हातं," म्हणाले. मनगटावर चावीचे जुने घड्याळ, छातीवर क्रमांकाचा कागद, कंबरेला उपरणे. गर्दीत ते दिसेनासे झाले.

मार्ग असा होता. पायथ्यापासून खिंडीपर्यंत चढण. खिंडीतून पायऱ्यांनी शिखरावरच्या देवीच्या देवळापर्यंत जायचे, त्याच पायऱ्यांनी खिंडीत परत यायचे आणि मग पलीकडच्या अंगाने लांबचा वळसा घालून पायथ्याशी. मंडपात पडद्यावर प्रत्येकाच्या नोंदी दिसत. आमच्या गृहस्थांची खिंडीतली नोंद दिसली. वहिनींनी भाकरीच्या गाठोड्याला हात लावून नमस्कार केला. त्यानंतर आम्ही शिखराच्या नोंदीची वाट पाहू लागलो.

ती आली नाही. त्यांच्या मागून खिंडीत पोहोचलेल्यांच्या शिखरनोंदी आल्या. यांची नाही. शिखराची वेळमर्यादा संपली. मर्यादेत न पोहोचलेल्यांना घेऊन खिंडीतून जीप उतरली. मी धावलो, या वयात जितके धावता येते तितका. जीपमधून एकेक दमलेला माणूस उतरला. त्यांत ते नव्हते.

टेबलाशी संगणक घेऊन बसलेल्या मुलीला मी विचारले, "ते कुठे आहेत?"

"सर, ते सिस्टीममध्ये दिसत नाहीत."

"सिस्टीममध्ये नाहीत म्हणजे डोंगरावर नाहीत का?"

"सर, कदाचित ते सोडून घरी गेले असतील."

"त्यांची पत्नी इथे बसली आहे. घर म्हणजे दुसरे काय असते?"

कोणी शोधायला गेले नाही. वहिनी गाठोड्याची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. मी बीड बायपासवर ओरडून सांगितलेली प्रत्येक हरकत आता एकेक करून माझ्यासमोर येऊन उभी राहत होती: गुडघा, गोळी, मोहोळ, कडा. 'बसायला जागाच नसली तर?' हे वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू येत होते.

उन्हे कलल्यावर पडद्यावर पलीकडच्या वाडीतली त्यांची नोंद उमटली. वहिनी पडद्याला हात लावायला गेल्या. आणि त्यानंतर काही वेळाने, अंतिम मर्यादेच्या आत, ते स्वतः वळणावरून आले. पायांवर धूळ, चेहऱ्यावर मीठ, आणि असे हसू, जे मी त्यांच्या तोंडावर कधीही पाहिले नव्हते. रेषा ओलांडली, फिरले, आणि सवयीने पुन्हा पळू लागले. वहिनी ओरडल्या, "अवो, आलात! थांबा आता, आलात!"

सगळ्यांच्या गळ्यात पदके घालत होते. यांना संचालकांनी बाजूला घेतले. शिखराची नोंद नाही, म्हणजे तुम्ही पायऱ्या चढलाच नाहीत, खिंडीतून परस्पर पलीकडे उतरलात.

"वर जाऊन आलो की," हे म्हणाले.

"चिप तसं सांगत नाही."

त्यांनी खाली आपल्या बुटाकडे पाहिले. मला वाटते, त्याच क्षणी त्यांना उलगडले, आणि ते मोठ्याने हसले. "बराबर हाय. चिप खालीच व्हती. मी वर व्हतो." पायऱ्यांच्या तळाशी बूट काढून ठेवले, अनवाणी वर गेलो, दर्शन घेतले, खाली येऊन बूट घातले, असे त्यांनी सविस्तर सांगितले. चटई वर देवळाच्या उंबऱ्याशी होती. बूट, आणि बुटातली चिप, पायऱ्यांखाली.

संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मऊ करून म्हणाले, "काका, या वयात असं करायची काय गरज होती?"

ते हसू तिथेच संपले. त्यांच्या वतीने पुढे मी बोललो, मी काय बोललो ते माझ्या पहिल्या पत्रात आहे.

माझा कायदेशीर मुद्दा साधा आहे. चिप बुटाला बांधलेली असावी, असे कलम सांगते. ती होती. काढू नये, असे कलम सांगते. काढली नाही, म्हणूनच तर ती हातात घेऊन वर नेता आली नाही. बूट पायात असलाच पाहिजे, असे कोणतेही कलम सांगत नाही. इतर धावपटूंना विचारा, असे कोणी म्हणेल. विचारले. ज्याला त्याला आपलाच श्वास आठवतो. शिखरावरची छायाचित्रे पाहा, असे कोणी म्हणेल. पाहिली. त्यांत ते का नाहीत, हे मला त्यांच्याच तोंडून परतीच्या बसमध्ये समजले. वैजापूर ओलांडल्यावर ते अचानक बोलले होते.

"वर एक निळ्या टोपीवाला व्हता. भला माणूस. मी हात जोडून उभा, तर दंडाला धरून बाजूला सारलं. 'बाबा, जरा सरका, पळणारे येतायत,' म्हणला. मी सरकलो." मग खिडकीकडे पाहत, "पळणारे येतायत म्हणला."

महिन्याभरात त्यांनी पुंडलिकनगरचे घर बंद केले आणि ते पिशोरला गेले. शर्यतीपूर्वी तिथे गावकऱ्यांनी त्यांच्या छायाचित्राचा शुभेच्छा-फलक लावला होता. तो त्यांनी स्वतः उतरवला. मी भेटायला गेलो तो बाजाराचा दिवस होता. आम्ही मेथी घेत असताना एका ओळखीच्या माणसाने हाक मारली, "काय मामा, देवीला खालूनच हात जोडले म्हणं व्हय?" आजूबाजूचे हसले. हेही हसले, जुडी पिशवीत घातली आणि पैसे दिले. घरी जाताना मागची टेकडीची वाट जवळची होती. त्यांनी लांबची सडक धरली.

घरी बूट धुऊन खुंटीला टांगलेले होते. नाड्या नव्हत्या. वालाचा वेल काठीला बांधायला त्या वापरल्या होत्या. बांधल्या होत्या मात्र दुहेरी गाठीनेच.

"आता कुठे जाता पळायला?" मी विचारले.

"बास झालं की."

वहिनी चहा देताना हळूच म्हणाल्या, "आता रात्री पाय हलवित नायत, भाऊ." पूर्वी ज्या गोष्टीसाठी त्या नवस बोलत होत्या, तीच आता त्यांनी भीतीने सांगितली. माझीही चिंता अशीच उलटी झाली आहे. पूर्वी हा माणूस डोंगरावरून पडेल म्हणून मी जागा राहत असे. आता तो अंगणाबाहेर पडत नाही म्हणून जागा असतो.

"सोडून द्या आता ते पत्रंबित्रं," ते निघताना म्हणाले. "देवीला माहीत हाय."

"देवी साक्षीला येत नाही."

"मंग?"

"दुसरा एक साक्षीदार आहे."

फाल्गुनात मी स्थळपाहणीसाठी स्वतः त्या डोंगरावर गेलो. खिंडीपर्यंत जीप जाते, पुढे पायऱ्या. पायऱ्यांच्या तळाशी देवस्थानाची पाटी आहे: 'पादत्राणे येथे काढावीत.' त्या दिवशी त्या पाटीवरून बूट घालून जे वर गेले, ते सर्व उत्तीर्ण झाले. ज्याने देवस्थानाची आज्ञाही पाळली आणि शर्यतीचे कलमही पाळले, तो एकटा बाद झाला. मी चपला काढल्या. गुडघा, रक्तदाब, कडा, या सगळ्या हरकती मी आता स्वतःवरच घेत होतो, आणि प्रत्येक वळणावर बसून त्यांना त्यांचीच उत्तरे देत होतो. भ्यालो. पण पोहोचलो.

उतरल्यावर खिंडीतल्या फुलवालीच्या शेजारी टेकलो. तिच्या टोपल्या एका मोठ्या फळीवर मांडलेल्या होत्या. फळीवर रंगवलेली अक्षरे दिसली म्हणून मी टोपल्या सरकवायला सांगितल्या. फळीवर आयोजक संस्थेचे चिन्ह होते, आणि मजकूर असा: 'शर्यतीनिमित्त आज सायंकाळपर्यंत भाविकांसाठी पायऱ्या बंद.'

"त्या दिवशी खरोखर बंद होत्या?" मी विचारले.

"बंद म्हंजे? दोरी बांधून दोन माणसं हुबी केली व्हती," ती म्हणाली. "चिटपाखरू सोडलं न्हाई वर. फुलाची एक पुडी गेली न्हाई माझी."

निळ्या टोपीतले स्वयंसेवक महोदय, आता मी आपल्याकडे आलो आहे. अध्यक्षांना, संचालकांना आणि तंत्रज्ञांना मी पुरेशी पत्रे लिहिली. आपला पत्ता मला कोणी देत नाही, म्हणून हे छापून मागतो आहे. आपण वाईट माणूस नाही. ज्यांना आपण बाजूला केलेत, त्यांनीच आपल्याला भला माणूस म्हटले आहे. आपल्याला मी एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर खाजगीत नको आहे. जिथे तो शेरा सर्वांनी वाचला, तिथेच, सर्वांना ऐकू जाईल असे हवे आहे.

त्या दुपारी पायऱ्यांवर फक्त धावपटूंनाच प्रवेश होता. डोक्यावरून छातीवर, क्रमांकाच्या कागदावरून, उपरणे घेतलेला, अनवाणी, हात जोडून उभा असलेला एक म्हातारा आपण दंडाला धरून बाजूला केलात. तो भाविक नसणार, कारण भाविकांना आपल्याच माणसांनी खाली अडवले होते.

मग तो कोण होता? जाहीर सांगा.